बीपीच्या गोळीने शुगर लागते? अहो, नाही लागत

आमच्या आत्याने अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी परस्पर बंद केली, कारण कोणीतरी सांगितलं की ही गोळी इन्सुलिन अडवते आणि मग डायबेटिस होतो. दोन आठवड्यांनी बीपी १८०/१०० निघालं, जीव घाबरला सगळ्यांचा.

आता हा समज आला कुठून, तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमध्ये कॅल्शियम शिरलं की इन्सुलिन बाहेर पडतं आणि ही गोळी कॅल्शियमचीच वाट अडवते, म्हणजे ऐकायला पटतं. पण नेहमीच्या ५-१० मिग्रॅ डोसला तिचा जोर रक्तवाहिन्यांवर असतो, त्या सैलावतात, शुगर फारशी हलत नाही. खूप जास्त गोळ्या पोटात गेल्या, म्हणजे विषबाधाच झाली, तर मात्र शुगर खरंच चढते. २००२ च्या ऑलहॅट या बीपीच्या गोळ्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात ४ वर्षांनी नवीन डायबेटिस क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळीवाल्यांत ११.६ टक्के, अ‍ॅम्लोडिपिनवाल्यांत ९.८ आणि लिसिनोप्रिलवाल्यांत ८.१ टक्के होता. म्हणजे लघवीच्या गोळीपेक्षा कमीच की!

अ‍ॅम्लोडिपिनचा खरा त्रास म्हणजे घोट्याला सूज, आत्याच्या पायावर मोज्याचा वळ उठायचा. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, ते डोस कमी करतात किंवा गोळी बदलून देतात.