सोडियम-आयन की एलएफपी? डबा सारखा, व्होल्टेज निराळं

ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलर बसवलेल्या घरात लाइट गेली की भर दुपारीही पॅनल गप्प बसतात. एकदा हे अनुभवलं की माणूस बॅटरीच्या चौकशीला लागतोच. दुकानात आता दोन नावं कानावर पडतात. एक लिथियम, म्हणजे घरासाठी बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात. दुसरं सोडियम-आयन. भिंतीवर टांगलेले दोन्ही डबे शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत.

आधी मिठाचं. सोडियम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खारं पाणी येतं आणि ‘मग पेटायचा प्रश्नच नाही’ असा निष्कर्षही निघतो. तसं नाही. घरगुती सोडियम-आयनमध्ये सहसा पाणी नसतं, लिथियमसारखाच ज्वलनशील द्राव असतो. काम करण्याची रीतही तीच: चार्ज होताना आयन एका ध्रुवातून दुसऱ्यात शिरतात, वापरताना परततात. लिथियममध्ये एका ध्रुवात ग्रॅफाइट असतं. सोडियमचा आयन त्यात नीट टिकत नाही, म्हणून तिथे हार्ड कार्बन, म्हणजे विस्कळीत रचनेचा कार्बन वापरतात. बदल्यात तांब्याची फॉइल वाचते, दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालतं.

घरात खरा फरक पडतो तो व्होल्टेजमुळे, आणि विक्रेते नेमकं हेच सांगत नाहीत. १६ सेलच्या एलएफपी पॅकला मल्टिमीटर लावा. रात्री नऊला ५२.८ दिसले, तर पंखे आणि फ्रिज चालवून पहाटे दोनला ५२.३ दिसतील. चार्ज बराच उतरलेला, काटा मात्र जवळपास जागचा हललेला नाही. त्यामुळे किती टक्के उरले ते बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, आतबाहेर जाणारा करंट मोजत बसून ठरवावं लागतं, आणि त्याचा हिशेब अधूनमधून चुकतो.

सोडियमचं व्होल्टेज उताराच्या रस्त्यासारखं. एक सेल भरलेला असताना ४ व्होल्टच्या आसपास, रिकामा होईपर्यंत १.५ पर्यंत. व्होल्टेज बघून शिल्लक कळते, ही सोय. पण १६ सेलचा पॅक ६४ वरून २४ पर्यंत घसरणार, आणि ४८ व्होल्टचे बरेच इन्व्हर्टर चाळिशीतच ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडतात. तळाचा चार्ज तुम्ही विकत घेतलेला असतो, तो वापरता येत नाही. जुन्या इन्व्हर्टरला नुसता डबा बदलून जोडला तर हे हमखास होतं.

थंडीत सोडियम सरस, यात वाद नाही. शून्याखाली एलएफपी चार्ज केली तर आत लिथियमचा धातू साचून सेल खराब होतो. लेहला हे महत्त्वाचं. निफाडला पारा कितीही उतरला तरी घरातली बॅटरी शून्याखाली जात नाही. वजन सोडियमचं जास्त, पण भिंतीवरच्या डब्याला कुठे पळायचंय?

उरली किंमत. २०२२च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या घरात गेलं होतं, तेव्हा सोडियमचा बोलबाला झाला. वर्षभरात तोच भाव लाखाच्या आसपास कोसळला आणि स्वस्ताईचा मुद्दा लंगडा पडला. पुण्यात केपीआयटी या तंत्रज्ञान कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, म्हणजे काम आपल्याकडेही चालू आहे. तरी आज माझ्या घरासाठी मी एलएफपीच घेईन. तुम्हाला सोडियम घ्यायचीच असेल तर दुकानदाराला दोन आकडे विचारा: पॅक किती व्होल्टपर्यंत उतरतो आणि इन्व्हर्टर किती व्होल्टला बंद होतो.