‘किरणांना न जुमानणारी’ गाठ आणि वयस्कर रुग्ण

किडनीचा कर्करोग कधी कधी दहा-पंधरा वर्षं गप्प राहून उलटतो. किडनी काढलेली असते, पेशंट बरा झाला असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मग एखाद्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात, हाडात किंवा काढलेल्या किडनीच्याच रिकाम्या जागी गाठ दिसते. तोवर वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं असतं. उरलेल्या एकुलत्या किडनीची ताकदही घटलेली असते आणि पुन्हा भूल सोसेल का, याची धास्ती असते. अशा वेळी डॉक्टरांनी रेडिएशनचं नाव काढलं की घरचे चमकतात, कारण ‘या कर्करोगावर रेडिएशन चालत नाही’ असं त्यांनी ऐकलेलं असतं. हे मत उगाच पडलेलं नव्हतं.

1970 आणि 80 च्या दशकांत शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर किरण देऊन पाहिले गेले. त्यातली कोपनहेगनची चाचणी फार वाईट ठरली. तिचे निष्कर्ष 1987 मध्ये आले. ऑपरेशननंतर 50 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) मात्रा 20 बैठकांत विभागून दिली होती. आयुष्य तर वाढलं नाहीच, उलट 44 टक्के रुग्णांना जठर, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग किंवा यकृताचा गंभीर त्रास झाला आणि काहींच्या मृत्यूला हा त्रासच हातभार लावून गेला. त्या काळच्या यंत्रांना गाठीपुरता नेम धरता येत नव्हता. मोठा पट्टा भाजून निघे, आणि किडनीच्या अगदी लगत आतडं असतं. प्रयोगशाळेतही किडनीच्या कर्करोगपेशी छोट्या मात्रांना दाद देत नव्हत्या. झालं, शिक्का बसला. पुढची कित्येक वर्षं या रुग्णांना किरण मिळाले ते बहुतेक हाडाचं दुखणं कमी करण्यापुरते.

माझ्या मते चूक शिक्क्यापेक्षा त्याच्या व्याप्तीत होती. रोज दोन-अडीच ग्रे देऊन जे हाती आलं, ते सगळ्याच मात्रांना लावलं गेलं.

वेगळी वाट मेंदूकडून आली. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्येच अनेक दिशांनी बारीक किरण एका बिंदूवर आणायची कल्पना मांडली होती. त्यातून निघालेल्या गॅमा नाइफने मेंदूत पसरलेल्या किडनीच्या कर्करोगाच्या गाठी चांगल्याच आटोक्यात येऊ लागल्या. गाठ तीच, फक्त मात्रा एका दमात मोठी.

कवटी स्थिर असते, पोट हलतं. प्रत्येक श्वासासरशी किडनी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खालीवर होते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत इंगमार लाक्स आणि हेन्रिक ब्लोमग्रेन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली: पेशंटला अंगाच्या आकारात घट्ट होणाऱ्या उशीत, एका चौकटीत झोपवायचं आणि पोटावर पट्टी दाबून श्वासाची हालचाल आवरायची. मग एकेका बैठकीत मोठी मात्रा. त्याच संस्थेतून 2005 मध्ये आलेल्या अहवालात किरण दिलेल्या किडनी-कर्करोगाच्या गाठींपैकी निदान 90 टक्के आटोक्यात राहिल्या होत्या. यालाच आज एसबीआरटी (स्टिरिओटॅक्टिक बॉडी रेडिओथेरपी) म्हणतात.

दरम्यान 2005-06 पासून सोराफेनिब, सुनिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आणि पुढे इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधं, आली. रोग अंगभर असेल तर औषधं लागतातच. पण थकवा, जुलाब, वाढलेला रक्तदाब वयस्कर माणसाला फार जड जातो. उलटलेल्या गाठी एक-दोनच असतील, तर तेवढ्याच किरणांनी टिपून गोळ्या सुरू करणं पुढे ढकलता येतं का, हा प्रश्न तिथून पुढे आला.

म्हाताऱ्या रुग्णांना चाचण्यांत सहसा मागच्या दारी ठेवलं जातं, म्हणून 2024 मध्ये प्रसिद्ध झालेली फास्टट्रॅक-2 ही चाचणी मला महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या 70 रुग्णांचं मध्यम वय होतं 77. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एकाच बैठकीत 26 ग्रे, मोठीला तीन बैठकांत 42 ग्रे. वर्षभरात एकाचीही गाठ त्या जागी वाढली नाही. किडनीचं काम मात्र काही प्रमाणात घटलं.

हे रुग्ण मूळ गाठीचे होते, उलटलेल्या रोगाचे नव्हेत. काढलेल्या किडनीच्या जागी आलेल्या गाठीवरचा अनुभव अजून छोट्या गटांपुरताच आहे, आणि तिथे आतडं सरकून रिकाम्या जागेत आलेलं असतं. म्हणून मात्रा बऱ्याचदा पाच बैठकांत विभागतात. गाठ सावकाश वाढणारी असेल, तर दर काही महिन्यांनी स्कॅन करून नुसती नजर ठेवणं हाही खरा पर्याय असतो.