दम्याची तपासणी नाशिकमध्ये: केस पेपरपासून फुंकायच्या टेस्टपर्यंत

निफाडात पारा उतरला की नाशिकच्या घराघरांत खोकला सुरू होतो. बहुतेकांचा आठवड्यात जातो. ज्यांना तो पहाटे झोपेतून उठवतो, छातीत शिट्टी वाजते, कांदाचाळीत धूळ उडाली की धाप लागते आणि मधले काही दिवस मात्र ठणठणीत जातात, त्यांनी दम्याची तपासणी करून घ्यावी. ‘ॲलर्जीचा कफ आहे’ म्हणत वर्षानुवर्षं सिरप पिणारे आपल्याकडे काही कमी नाहीत.

तपासणीसाठी उत्पन्नाची किंवा रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही. मात्र फुंकण्याची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, साधारण पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना जमत नाही. त्यांचं निदान लक्षणांवरून होतं. मुलाच्या छातीतली सूंसूं मोबाईलवर रेकॉर्ड करून नेलीत तर डॉक्टरांना मोठा उपयोग होतो. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर ही ओपीडीची वेळ नाही, 108 ला फोन करा.

जवळच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, जाणं हा सरळ मार्ग. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपर आणि तपासण्या मोफत आहेत. बिटको आणि डॉ. झाकिर हुसेन ही रुग्णालयं महापालिकेची, त्यामुळे तिथले नियम वेगळे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या ज्या कामगारांच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो, त्यांनी ते कार्ड घेऊन आधी ईएसआयच्या दवाखान्यात जावं. महात्मा फुले योजना, म्हणजे राज्याची मोफत उपचारांची योजना, मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णांसाठी आहे. ओपीडीतल्या टेस्टसाठी तिच्यावर विसंबू नका. कुठेही जा, पण स्पायरोमेट्री कोणत्या वारी होते ते आधी विचारा, नाहीतर एक हेलपाटा ठरलेला.

सोबत आधार कार्ड, असल्यास 14 अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक), जुने एक्स-रे आणि चालू औषधं घ्या. औषधांची नावं आठवत बसण्यापेक्षा पिशवीच न्या. एक गंमत सांगतो. टेस्टचा निकाल वय, उंची आणि लिंग यांवरून काढलेल्या अपेक्षित आकड्याशी ताडला जातो. आपल्याकडे शाळेच्या कृपेने अर्ध्या गावाचा जन्म 1 जूनचा! आधारवरचं वय खोटं असेल तर खरं वय तोंडी सांगा.

खरी गोम तयारीत आहे. टेस्टआधी लगेच पंप, म्हणजे इनहेलर, ओढला तर निकाल चांगला येतो आणि दमा लपतो. म्हणून तात्पुरत्या आरामाचा पंप साधारण 4 तास आणि रोजचा एकत्रित औषधांचा पंप प्रकारानुसार 24 ते 36 तास थांबवायला सांगतात. हे डॉक्टरांना विचारूनच करा. धाप लागली तर पंप घ्या आणि तिथे तसं सांगा. उपाशी जायची गरज नाही, फक्त तडस लागेपर्यंत जेवू नका. आधीचा तासभर विडी-सिगारेट नको. नुकताच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर आधी सांगा. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजनात घट असेल तर पहिली तपासणी टीबीची.

आत नाकाला चिमटा लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात, शेवटचा वारा संपेपर्यंत फुंकायचं. निदान तीन प्रयत्न नीट जमावे लागतात, त्यात थोडं गरगरतं. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचे साधारण चार पफ देतात आणि 15 मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरने वाढली, तर दम्याला दुजोरा मिळतो. हा दुसरा टप्पा झाला की नाही ते विचाराच, कारण त्याशिवायचा रिपोर्ट अर्धाच.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दमा नाही असं होत नाही; त्या दिवशी श्वासनळ्या मोकळ्या असू शकतात. मग पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकीचा वेग मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहायचे. रोजचा चढउतार सरासरी 10 टक्क्यांवर, मुलांत 13 टक्क्यांवर गेला तर संशय पक्का होतो. कंपनीतल्यांनी सुट्टीचे वार वेगळ्या शाईने लिहावेत. सुट्टीला आकडे सुधारत असतील तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, कारण कामाच्या ठिकाणच्या घटकांमुळेही दमा होऊ शकतो.