पार्श्वभूमी : पी. सी. सरकार आणि लंडनची करवत

जादूगार पी. सी. सरकार यांच्याबद्दल काहीही लिहायचं तर ९ एप्रिल १९५६ ची रात्र टाळता येत नाही. त्यांच्या ‘इंद्रजाल’ या जादूच्या खेळाचा ताफा तेव्हा लंडनमध्ये होता. ड्यूक ऑफ यॉर्क थिएटरात खेळ लागणार होते आणि तिकिटं खपत नव्हती. म्हणून टीव्हीवर एक प्रयोग करायचं ठरलं. कार्यक्रम करमणुकीचा नव्हता, चालू घडामोडींचा होता, आणि थेट दाखवला जात होता. पुढचा सगळा गोंधळ या दोन गोष्टींमुळे झाला.

सतरा वर्षांच्या सहायक मुलीला संमोहित करून टेबलावर निजवलं. बाई कापण्याचा खेळ लंडनला नवा नव्हता. १९२१ मध्ये तो तिथल्याच रंगमंचावर झाला होता, पण तेव्हा बाई पेटीत होती. इथे पेटीच नव्हती. विजेची गोल करवत घरघरत सरळ कमरेतून गेली. सरकारांनी तिचे हात चोळले. ती हलेना. मग त्यांनी मान हलवली आणि तिच्या तोंडावर कापड टाकलं. तेवढ्यात निवेदक कॅमेऱ्यासमोर आला आणि कार्यक्रम संपल्याचं सांगून मोकळा झाला. स्टुडिओचे फोन खणखणू लागले. मुलगी मेली, अशीच लोकांची समजूत झाली होती.

हा शेवट कोणी ठरवला? प्रक्षेपण करणाऱ्यांचं म्हणणं असं की प्रयोग लांबला आणि वेळ संपली. जादूगारांच्या गोटात मात्र बहुतेकांना वाटतं की सरकारांनी तो जाणूनबुजून लांबवला. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. रंगमंचावर सेकंद मोजून वावरणारा माणूस नेमका थेट प्रक्षेपणातच घड्याळ विसरेल, हे पटत नाही. कापड टाकायला वेळ होता, मग तिला उठवायला का नव्हता? कापड हा प्रयोगाचाच भाग होता असं म्हणता येईल. म्हटलं तर म्हणा. दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर होती, मुलगी धडधाकट होती आणि थिएटरची तिकिटं संपली होती.

सरकारांचा जन्म १९१३ चा, टांगाइल भागातला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. शिक्षण गणिताचं. आडनाव साधं बंगाली ‘सरकार’. पण रोमन लिपीत त्याचं स्पेलिंग त्यांनी असं फिरवलं की इंग्रजीतला जादूगारासाठीचा ‘सॉर्सरर’ शब्द आठवावा. देवनागरीत ही करामत दिसतच नाही. आपण ‘सरकार’ लिहितो आणि वाचणाऱ्याला मंत्रालय आठवतं. ‘जगातला सर्वश्रेष्ठ जादूगार’ ही पदवीही त्यांनी स्वतःच स्वतःला दिली आणि जाहिरातींवर छापली. परदेशी मंडळी चिडली. एका जर्मन जादूगाराने तर प्रयोग चोरल्याचा जाहीर आरोप केला. पण युरोपातले जादूगार कित्येक वर्षं हिंदी फकिराचं सोंग घेऊन पोट भरत होते, तेव्हा चोरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. सरकारांनी उलटा डाव टाकला. ते तुरा खोचलेला फेटा आणि जरीची शेरवानी घालून महाराजाच्या थाटात उभे राहिले. लोटा उपडा करून रिकामा करायचा, दुसरा खेळ दाखवायचा, परत येऊन त्याच लोट्यातून पाणी ओतायचं. ‘वॉटर ऑफ इंडिया’ हा त्यांचा हुकमी खेळ रात्रभर असा मधूनमधून चालायचा.

१९६४ मध्ये पद्मश्री मिळाली. ६ जानेवारी १९७१ रोजी जपानच्या दौऱ्यावर असतानाच ते गेले. खेळ मुलाने पुढे चालवला. महाराजाचा वेश तोच, ‘इंद्रजाल’ हे नाव तेच. २००० मध्ये त्याने आग्र्यात ताजमहाल ‘गायब’ करून दाखवला.