सधन पुरोगाम्यांचे उजवे वळण

सधन पुरोगाम्यांचे उजवे वळण : सत्यशोधक, समाजवादी, साम्यवादी किंवा गांधीवादी परंपरेत वाढलेल्या सुस्थितीतील व्यक्तींनी आणि घराण्यांनी कालांतराने आपले मत, पैसा व माणसे परंपरानिष्ठ किंवा प्रस्थापित उमेदवारामागे उभी करणे. यामागे दोन कारणे सांगितली जातात. पहिले अपेक्षाभंगाचे : ज्या पक्षासाठी आयुष्य वेचले त्याने निराश केले. दुसरे हिताचे : जमीन, कारखाना, शिक्षणसंस्था किंवा व्यवसाय टिकवायचा तर सत्तेशी वैर परवडत नाही. ‘सत्तेशिवाय शहाणपण नाही’ हे दुसऱ्या कारणाचे गावठी रूप. लोक बोलताना पहिले कारण सांगतात आणि दुसरे समोरच्याने ओळखायचे असते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतात, आणि त्याला स्वतःलाही ती वेगळी करता येत नाहीत.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या वळणाला एक वेगळा पदर आहे. येथील सधनता बरीचशी पुरोगामी चळवळीनेच जन्माला घातली. शाळा, सहकारी कारखाना, धरणाचे पाणी आणि कुळाची जमीन ही चार साधने चळवळीच्या रेट्याने गावात आली आणि त्यांतून बागायतदार वर्ग उभा राहिला. त्यामुळे येथे वळणारा माणूस चळवळीचा बाहेरचा हितचिंतक नसतो. तो तिच्याच पोटचा असतो.

‘उजवे’ हा शब्द काळाप्रमाणे वाचावा लागतो. १९५०च्या दशकात डाव्या विचारांच्या शेतकरी कामगार पक्षातून काँग्रेसकडे जाणे हे उजवे वळण होते. आज काँग्रेस किंवा राष्ट्रवादीच्या परंपरेतून भारतीय जनता पक्षाकडे जाण्याला तेच म्हटले जाते. पक्षांतराशीही याची गल्लत करू नये. पक्षांतर नेता एका दिवसात करतो आणि त्याचा फोटो छापून येतो. वळण मात्र सभासदाचे, देणगीदाराचे, डॉक्टर-वकिलाचे असते आणि ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

ही गोष्ट याच मातीतली नाही. ब्रिटनमध्ये १८८६ साली ग्लॅडस्टनच्या आयरिश स्वराज्य विधेयकावर उदारमतवादी पक्ष फुटला. पक्षाच्या ९३ खासदारांनी विरोधात मत दिले आणि विधेयक ३१३ विरुद्ध ३४३ मतांनी पडले. फुटणाऱ्यांत व्हिग, म्हणजे पक्षातील मोठ्या जमीनदार घराण्यांचा जुना गट, होता, तसा जोसेफ चेंबरलेनसारखा जहाल सुधारकही होता. व्हिगांची नाराजी कुळांना हक्क देणाऱ्या १८८१च्या आयरिश जमीन कायद्यापासून साठत होती, म्हणजे तत्त्वाचा प्रश्न पुढे येण्याआधी मालमत्तेचा प्रश्न येऊन गेला होता. हा गट १९१२ साली हुजूर पक्षात विलीन झाला. अमेरिकेत १९६० आणि १९७०च्या दशकांत न्यूयॉर्कचे अनेक डावे विचारवंत नवपरंपरावादी झाले. त्यांच्यातील प्रमुख आयर्विंग क्रिस्टल तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी होता.

सातारा भागातील पहिले ठळक वळण ब्राह्मणेतर चळवळीत दिसते. महात्मा फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. त्यांनी १८७३ साली पुण्यात स्थापलेला सत्यशोधक समाज या जिल्ह्यात खोल रुजला आणि १९२०च्या आसपास येथील कुळांनी सावकार-जमीनदारांविरुद्ध उठाव केला. याच सुमारास चळवळीच्या वरच्या थराला कायदेमंडळाची दारे उघडली. भास्करराव जाधव मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. कुळे जमीन मागत होती आणि पुढारी नोकऱ्या, शिक्षण व प्रतिनिधित्व मागत होते. दोन्ही मागण्या न्याय्य होत्या, पण दुसरी इंग्रज सरकारशी जुळवून घेऊन पुरी होण्यासारखी होती आणि पहिली नव्हती. पुढची सगळी वळणे याच फटीतून झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९४८ साली दुसऱ्याच एका वर्गाला धक्का बसला. गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि अनेक कुटुंबे गाव सोडून शहरांत आली. त्याच वर्षी कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाने कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. या घरांतली काही माणसे स्वातंत्र्यलढ्यात होती, सुधारणेच्या बाजूची होती. त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा कल हिंदुत्ववादी पक्षांकडे गेला, त्यात जळलेल्या घराची आठवण आहे आणि गेलेल्या जमिनीचीही. याला निव्वळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल, आणि निव्वळ दुःख म्हटले तर सातबारा झाकला जाईल.

पत्री सरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात चाललेल्या प्रतिसरकारच्या (१९४३–४६), मुशीतून निघालेली पिढी मात्र डावीकडे गेली. क्रांतिसिंह नाना पाटील आधी शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले व १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने या भागात काँग्रेसची धूळधाण केली आणि यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम तरले. मग चव्हाणांनी जे केले ते ‘बेरजेचे राजकारण’ म्हणून ओळखले जाते. शेतकरी कामगार पक्षातले कर्ते लोक त्यांनी एकेक करून काँग्रेसमध्ये आणले. रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते हे त्यांतले मोठे नाव. पक्षाचे एक संस्थापक केशवराव जेधे तर आधीच, १९५४ साली, परतले होते. येणाऱ्यांनी समाजवाद सोडला नाही. काँग्रेसमध्ये राहूनच तो आणता येईल, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण कारखान्याचा परवाना, भागभांडवलातला सरकारचा वाटा, कर्जाची हमी आणि धरणाच्या पाण्याचा आराखडा या सगळ्यांवर मंत्रालयात सही होत होती, हेही तितकेच खरे.

हा भाग नीट समजून घ्यायचा तर साखर कारखाना कसा चालतो ते पाहावे लागते. कारखाना सभासदांचा असतो, पण तो उभा राहतो सरकारच्या भांडवलावर आणि हमीवर. गळिताचा परवाना सरकार देते. उसाची किमान किंमत, म्हणजे २००९पासूनची एफआरपी, केंद्र ठरवते. साखरेची निर्यात आणि इथेनॉलचे दर हेही केंद्राच्या हाती असतात. राष्ट्रीय सहकारी विकास निगमचे कर्ज हवे तर राज्याची हमी लागते. पहिली उचल, म्हणजे ऊसबिलाचा पहिला हप्ता, थकली की सभासद अध्यक्षाच्या दारात येतो, अध्यक्ष मुंबईला जातो, आणि मुंबईत ज्याची सत्ता त्याच्यासमोर बसतो. अशा माणसाला विरोधी पक्षात दहा वर्षे काढता येत नाहीत. त्याच्या मागे हजारो सभासदांची ऊसबिले, कामगारांचे पगार आणि त्याच आवारातले इंजिनिअरिंग कॉलेज असते. त्याच्या वळण्याला स्वार्थ म्हणताना या सगळ्या माणसांचे हित त्यात धरावे लागते, आणि मग शब्द तोकडा पडतो.

आयकराचे प्रकरण याचे चांगले उदाहरण आहे. सहकारी कारखान्यांनी किमान किमतीपेक्षा जास्त दिलेला ऊसदर आयकर खाते खर्च न मानता नफावाटप मानत असे आणि त्यावर कर लावत असे. हा वाद अनेक दशके रेंगाळला. शेतकऱ्याला जास्त दिले म्हणून दंड, अशी ही स्थिती होती आणि कारखान्यांची तक्रार रास्त होती. केंद्रात आपलीच म्हणावी अशी सरकारे असताना ती सुटली नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले आणि २०२३च्या अर्थसंकल्पात २०१६–१७ पूर्वीची अशी देणी खर्च म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली. तेव्हा सुमारे १० हजार कोटी रुपयांचा दिलासा सांगण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या संचालकाला या निर्णयानंतर आपल्या जुन्या पक्षाकडे पाहून काय वाटले असेल, हे समजणे अवघड नाही. अपेक्षाभंग आणि हित येथे एकाच कागदावर आले.

जमीन आणि पाणी यांच्याबाबत वळण आधीच झाले होते. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने बारमाही बागायतीला १८ एकरांची मर्यादा घातली. विधानसभेत समाजवादावर भाषणे होत असताना गावोगाव कागदोपत्री वाटण्या होत होत्या. पाण्याची कथा याहून ताजी आहे. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीला २८८पैकी १३८ जागा मिळाल्या आणि ४५ अपक्ष निवडून आले. त्यांच्या पाठिंब्यावर सरकार बनले आणि १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांची आस लागलेल्या खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या दुष्काळी तालुक्यांतल्या मतदाराला तेव्हा पहिल्यांदा दिसले, की काँग्रेसबाहेरही पाणी आहे. त्याच काळात नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि भारत पाटणकर यांनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या. तेथे समन्यायी वाटपाची मागणी पुढे आली : पाणी एकराच्या हिशेबाने न देता कुटुंबाच्या हिशेबाने द्यावे आणि भूमिहीनालाही त्याचा वाटा मिळावा. नदीकाठच्या पुरोगामी बागायतदाराच्या निष्ठेची सर्वांत कठीण परीक्षा याच मागणीने घेतली. योजना व्हावी यावर सगळ्यांचे एकमत होते, पण भूमिहीनाच्या वाट्याचा विषय निघाला की बैठकीत शांतता पसरायची.

जात आणि धर्म यांचा भाग अलीकडे वाढला आहे. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल झाली आणि पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत मिरज व सांगली या दोन्ही जागा भाजपने जिंकल्या. सांगलीचे विजयी उमेदवार संभाजी पवार हे पैलवान, आणि जनता दलाचे जुने आमदार होते. ते सधन वर्गातले नव्हते, पण समाजवादी परंपरेतून आलेल्या या नावामुळे शहरातल्या अनेकांचा संकोच गळून पडला. २०१६च्या मराठा मोर्चांत आरक्षणाबरोबर ॲट्रॉसिटी कायद्यात बदलाचीही मागणी होती. ज्या घरांत बाबासाहेबांची तसबीर होती त्या घरांतलेही लोक त्या मोर्चांत चालले.

निवडणुकांचे आकडे हे वळण सरळ रेषेत दाखवत नाहीत. उदयनराजे भोसले २०१९ साली साताऱ्यातून राष्ट्रवादीतर्फे लोकसभेवर निवडून आले, काही महिन्यांत भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून सुमारे ८७ हजार मतांनी हरले. शरद पवारांची पावसातली सभा याच प्रचारातली, १८ ऑक्टोबरची. मे–जून २०२४ मध्ये तेच उदयनराजे भाजपच्या चिन्हावर सुमारे ३२ हजार मतांनी जिंकले. सांगलीत त्याच वेळी वसंतदादांचे नातू विशाल पाटील यांनी अपक्ष उभे राहून भाजपच्या खासदाराचा लाखावर मतांनी पराभव केला. पाच महिन्यांनी विधानसभेला सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीकडे गेल्या. कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले. त्यांना हरवणारे अतुल भोसले हे जयवंतराव भोसल्यांचे नातू, आणि जयवंतराव हे शेतकरी कामगार पक्षातून काँग्रेसमध्ये आलेल्या यशवंतराव मोहित्यांचे बंधू. सांगली जिल्ह्यात मात्र इस्लामपूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि पलूस-कडेगाव या तीन जागा विरोधी आघाडीकडे राहिल्या.

न वळलेल्यांचीही नोंद येथे घ्यायला हवी, कारण संस्था आली की वळावेच लागते असा एक समज आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान त्यांनी सरकारवर केलेल्या टीकेमुळे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत थांबवण्यात आले. मुलांच्या वसतिगृहांचे हाल झाले, पण भाऊराव नमले नाहीत. गाडगेबाबांनी मध्यस्थी केल्यावर अनुदान पुन्हा सुरू झाले. वाळव्याचा हुतात्मा किसन अहीर कारखाना नागनाथअण्णांनी उभा केला. चढा ऊसदर देणारा म्हणून त्याचा लौकिक झाला आणि अण्णा शेवटपर्यंत, म्हणजे २०१२पर्यंत, धरणग्रस्तांच्या मोर्चांत पुढे असत. तेही कारखानदारच होते. परवाना, हमी आणि कर्ज त्यांनाही लागत होते, आणि त्यासाठी ते मुंबईला जात तेव्हा त्यांच्याबरोबर धरणग्रस्तांची माणसे असत.