जेल नेलपॉलिश लॅम्पखाली कडक का होते?

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ या रसायनाच्या सौंदर्यप्रसाधनांतील वापरावर बंदी घातली आणि जेल नेलपॉलिश विषारी असल्याची चर्चा सुरू झाली. बंदी खरी आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत हे रसायन मोठ्या मात्रेत पोटात गेल्यावर प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला, म्हणून त्याचे वर्गीकरण बदलून ते प्रजननास घातक पदार्थांच्या वर्गात गेले, आणि त्या वर्गातील पदार्थाला तेथील कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधनांत सहसा जागा राहत नाही. जेल लावणाऱ्या स्त्रियांमध्ये असा अपाय आढळला म्हणून ही बंदी आलेली नाही. पण हे रसायन बाटलीत मुळात कशासाठी असते? त्याचे उत्तर कळले, की घरी नेल लॅम्प वापरताना कशाची काळजी घ्यायची तेही कळते, आणि ती काळजी या बातमीपेक्षा वेगळ्याच गोष्टीची आहे.

साधे नेलपॉलिश वाळते. त्यातले नायट्रोसेल्युलोज इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेले असते. द्रावक उडून जातो आणि मागे पातळ पापुद्रा उरतो. जेलमध्ये उडून जाण्यासारखे फारसे काही नसते, त्यामुळे ते तासभर पंख्याखाली धरले तरी ओलेच राहते. लॅम्प त्याला उष्णतेने सुकवतो, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. लॅम्पखाली नखाला कधीकधी चटका बसतो हे खरे, पण ती उष्णता मुख्यतः जेलमधल्या रासायनिक अभिक्रियेतून निघालेली असते. थर जाड असेल तर ती एकदम निघते; म्हणूनच काही लॅम्पमध्ये सुरुवातीला प्रकाश मंद ठेवण्याची सोय असते.

जेल म्हणजे ॲक्रिलेट आणि मेथॅक्रिलेट कुळातील लहानमोठ्या रेणूंचे मिश्रण. शाळेत शिकलेली एकवारिके आठवावीत: प्रत्येक रेणूत कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो आणि तो उघडला की रेणू एकमेकांना जोडले जातात. तो उघडण्याची सुरुवात प्रकाश-आरंभक करतो, आणि टीपीओ हा त्यांपैकीच एक. ३८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषल्यावर त्याच्या रेणूतील कार्बन आणि फॉस्फरस यांमधला बंध तुटतो आणि दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन उरतो. असे तुकडे म्हणजे मुक्त मूलके. हाताची घडी घालून उभ्या असलेल्या गर्दीत कोणी एकाचा हात धरावा, त्यामुळे त्याचा दुसरा हात मोकळा व्हावा आणि त्या हाताने त्याने शेजाऱ्याचा हात धरावा, तशी ही साखळी वाढत जाते. काही रेणूंत दुहेरी बंध दोन किंवा अधिक असतात, त्यामुळे साखळ्या आडव्याही जोडल्या जाऊन त्रिमितीय जाळे तयार होते. हे जाळे ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, नुसते फुगून सैल होते. जेल काढायला बोटे भिजवून ठेवावी लागतात ती त्यामुळेच.

येथे प्रकाशाची तरंगलांबी निर्णायक ठरते. ३६५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, ४०५ नॅनोमीटरच्या फोटॉनची सुमारे ३.१, तर पिवळ्या प्रकाशाच्या फोटॉनची २.१ च्या आसपास. पिवळा दिवा कितीही प्रखर केला तरी त्याचा एकही फोटॉन टीपीओचा बंध तोडू शकत नाही. बहुतेक एलईडी लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात. खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा विजेच्या वापराचा असतो. नखावर योग्य तरंगलांबीचा प्रकाश किती पडतो, हे त्यावरून समजत नाही. एका कंपनीचे जेल आणि दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त लॅम्प ही जोडी म्हणूनच बेभरवशाची असते.

या साऱ्या प्रक्रियेत मला सर्वांत विलक्षण वाटते ती हवेतील ऑक्सिजनची भूमिका. ऑक्सिजनच्या रेणूवर मुळातच जोडीदार नसलेले दोन इलेक्ट्रॉन असतात, म्हणून वाढत्या साखळीचे मोकळे टोक एकवारिकापेक्षा कितीतरी वेगाने ऑक्सिजनला जाऊन मिळते. त्यातून पेरॉक्सी मूलक बनते, आणि ते इतके मंद असते की साखळी जवळजवळ तेथेच थांबते. थराच्या आत विरघळलेला ऑक्सिजन पहिल्या काही क्षणांत संपतो आणि मग अभिक्रिया धडाक्याने सुरू होते. पृष्ठभागावर मात्र हवेतून नवा ऑक्सिजन येतच राहतो. लॅम्पमधून हात काढल्यावर वरचा अतिशय पातळ थर चिकट लागतो, तो यामुळे. पुढचा थर त्यालाच घट्ट जोडला जातो आणि शेवटी तो आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढतात.

जाळे जसजसे घट्ट होते तसतसे उरलेल्या रेणूंना हलायला जागा राहत नाही, त्यामुळे काही दुहेरी बंध कायमचे तसेच राहतात. अभिक्रिया पूर्णत्वाच्या जवळ पोहोचण्याच्या बऱ्याच आधी थर बोटाला कडक लागतो, आणि घरी फसगत होते ती येथे. गडद रंगद्रव्ये प्रकाश वरच्या वर शोषून घेतात. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडही अतिनील प्रकाश शोषतो. मग वरून चकचकीत दिसणाऱ्या जाड थराचा तळ अर्धकच्चाच राहतो. अंगठा इतर बोटांबरोबर ठेवला तर त्याचे नख तिरके राहते आणि त्याला प्रकाश कमी मिळतो.

अर्धवट राहिलेले हे लहान रेणूच त्रास देतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या हेमा या एकवारिकाचे रेणुवस्तुमान १३० आहे, आणि साधारण ५०० पेक्षा कमी रेणुवस्तुमानाचे पदार्थ त्वचेत शिरू शकतात. तेथे ते प्रथिनांना चिकटतात आणि रोगप्रतिकारक पेशी त्यांना शत्रू म्हणून ओळखू लागतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरगुती संचांबाबत याच कारणासाठी सावध केले आहे, आणि युरोपीय संघात हेमा असलेली नखांची उत्पादने २०२१ पासून केवळ व्यावसायिकांसाठी आहेत. ‘केमिकल-फ्री’ जेल ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. अभिक्रियाशील रसायनांवाचून जेल कडक होणारच नाही. अधूनमधून नखांना ‘श्वास’ घेऊ द्यावा, हेही निराधार आहे. नखाचा दिसणारा भाग मृत केराटिनचा असतो.

अतिनील किरणांविषयी थोडक्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर सलग २० मिनिटे नेल लॅम्पचा अतिनील प्रकाश सोडला तेव्हा २० ते ३० टक्के पेशी मेल्या. पण बशीतील पेशींवर त्वचेच्या मृत थराचे आवरण नसते, आणि घरी एका वेळचा प्रकाश काही मिनिटांचाच असतो. बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे किंवा आधी लावलेले सनस्क्रीन ही त्यावर पुरेशी खबरदारी आहे.

जेल मात्र पातळ थरांत लावावे, अंगठे वेगळे ठेवावेत, आणि कातडीला लागलेले जेल लॅम्प लावण्याआधीच पुसावे. नखाभोवती खाज, पुरळ किंवा भेगा दिसल्या तर वापर लगेच थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ॲलर्जीचे निदान झाल्यास ते दंतवैद्यांना आणि हाडांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगावे, कारण दातांत भरायचे मिश्रण आणि सांधेरोपणात वापरायचे सिमेंट याच मेथॅक्रिलेट कुळातले असते.