राज्य अ‍ॅटर्नी जनरल (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटकराज्याच्या मुख्य विधी अधिकाऱ्याला राज्य अ‍ॅटर्नी जनरल म्हणतात. 50 पैकी 43 राज्यांत हे पद मतदार थेट निवडणुकीने भरतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंग येथे गव्हर्नर (राज्याचा निर्वाचित कार्यकारी प्रमुख) नेमणूक करतो, मेनमध्ये विधिमंडळ गुप्त मतदानाने निवड करते, तर टेनेसीत हा अधिकार चक्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे आहे. संघराज्याचा अ‍ॅटर्नी जनरल मात्र राष्ट्राध्यक्ष सेनेटच्या संमतीने नेमतो. भारतातील राज्यांचा महाधिवक्ताही संविधानाच्या अनुच्छेद 165 नुसार राज्यपालाने नेमलेला असून राज्यपालाची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो.

हे पद इंग्लंडच्या राजाच्या वकिलापासून वसाहतींमार्फत अमेरिकेत आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अधिकारपदे लोकांच्या मताने भरण्याची लाट आली; न्यूयॉर्कने 1846 च्या राज्यघटनेने हे पद निवडणुकीखाली आणले. पेनसिल्व्हेनियाला मात्र त्यासाठी 1980 पर्यंत थांबावे लागले.

राज्याच्या वतीने न्यायालयात उभे राहणे, शासकीय खात्यांना लेखी विधिविषयक मत देणे, ग्राहकांची फसवणूक व मक्तेदारी यांविरुद्ध कारवाई करणे आणि धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणे ही या कार्यालयाची नेहमीची कामे होत. फौजदारी खटले बहुतेक राज्यांत जिल्हा पातळीवरील निर्वाचित अभियोक्ते चालवतात. डेलावेअर व ऱ्होड आयलंड हे त्याला ठळक अपवाद आहेत.

पदाचे खरे वैशिष्ट्य या कामांपेक्षा त्याच्या स्वायत्ततेत आहे. अ‍ॅटर्नी जनरल हा राज्य शासनाचा वकील असला तरी जेथे तो निवडून येतो तेथे गव्हर्नर त्याला काढू शकत नाही, आणि पुष्कळदा दोघे परस्परविरोधी पक्षांचे असतात. अशिलाच्या मनात नसलेला खटला वकिलाने स्वतःहून दाखल करावा, असा विचित्र प्रसंग त्यामुळे उद्भवतो. मिसिसिपीचे अ‍ॅटर्नी जनरल माइक मूर यांनी 1994 मध्ये सिगारेट कंपन्यांविरुद्ध दावा लावला तो असाच. धूम्रपान करणाऱ्याने धोका स्वतः पत्करला, हा कंपन्यांचा हुकमी बचाव वैयक्तिक दाव्यांत टिकत असे. परंतु गरिबांच्या आजारपणावर मेडिकेड योजनेतून पैसा खर्च करणाऱ्या राज्याने काही सिगारेट ओढली नव्हती, आणि मूर यांनी नेमकी ती भरपाई मागितली. गव्हर्नर कर्क फोर्डिस यांनी 1996 मध्ये हा दावा थांबवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली, पण त्यांना यश आले नाही. मिसिसिपीने 1997 मध्ये कंपन्यांशी स्वतंत्र तडजोड केली. फ्लोरिडा, टेक्सास व मिनेसोटा यांनीही तसेच केले, आणि नोव्हेंबर 1998 मध्ये उरलेल्या 46 राज्यांनी केलेल्या करारान्वये कंपन्यांनी पहिल्या 25 वर्षांत सुमारे 206 अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले.

अनेक राज्यांनी मिळून दावा लावण्याची पद्धत या यशानंतर रूढ झाली. गृहकर्जांच्या जप्तीतील गैरप्रकारांबद्दल पाच मोठ्या बँकांशी 2012 मध्ये झालेल्या सुमारे 25 अब्ज डॉलरच्या तडजोडीत 49 राज्ये होती. केंद्र सरकारलाही याच मार्गाने न्यायालयात खेचले जाते : मॅसॅच्युसेट्स व इतर राज्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी हरितगृह वायू हे हवा प्रदूषणाच्या कायद्याच्या कक्षेत येतात असे ठरवले. अलीकडे अशा दाव्यांतील राज्यांची यादी वाचली, की राष्ट्राध्यक्ष कोणत्या पक्षाचा आहे हे बहुधा वेगळे सांगावे लागत नाही. रिपब्लिकन अ‍ॅटर्नी जनरलांची संघटना 1999 मध्ये स्थापन झाली व डेमोक्रॅटिक पक्षीयांची त्यानंतर. दोन्ही निवडणुकांसाठी निधी उभारतात. पद महत्त्वाकांक्षी राजकारण्यांना सोयीचेही आहे. बिल क्लिंटन हे गव्हर्नर होण्यापूर्वी आर्कान्सॉचे, तर कमला हॅरिस सेनेटवर जाण्यापूर्वी कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरल होत्या.

राज्याच्या कायद्याचा बचाव करणे हे अ‍ॅटर्नी जनरलचे कर्तव्य आहे, की तो घटनाबाह्य वाटल्यास नकार देण्याचा अधिकार त्याला आहे, हा वाद मिटलेला नाही. समलिंगी विवाहावरील बंदीचा बचाव करण्यास पेनसिल्व्हेनियाच्या कॅथलीन केन यांनी 2013 मध्ये नकार दिला, तेव्हा ते काम गव्हर्नर टॉम कॉर्बेट यांच्या विधी विभागाला हाती घ्यावे लागले. कॉर्बेट हे स्वतः त्याच राज्याचे माजी अ‍ॅटर्नी जनरल होते.